बूचमास्तरांची किल्ली

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी घेत नसे. कॉलेजच्या केमिस्ट्री विभागाचं स्टोअर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा आगाऊ बॅचने बूचमास्तर म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. नवी बाटली आली की चारचौघं बाटली बघतात. हे आधी बूच बघत. दोनदा फिरवायचं, कानाशी नेऊन त्याची करकर ऐकायची आणि बहुतेक वेळा नाक मुरडायचं. घरच्या मुलीला स्थळ पटकन मिळालं, पण मास्तरांना बाटली पसंत पडणं महाकठीण, असं विभागात म्हणत.

तशी त्यांची शिकवण दोन मिनिटांची होती. सिल्व्हर नायट्रेटला तपकिरी बाटली, त्याला उजेड सोसत नाही. नायट्रिक अ‍ॅसिडला घासून बसवलेलं काचेचं बूच, कारण रबराला ते खाऊन टाकतं. कॉस्टिक सोड्याला मात्र रबरीच बूच, काचेचं कधीच नाही. सोडा हळूहळू काच खातो आणि बूच गळ्यात असं घट्ट धरून ठेवतो, की जोर लावणाऱ्याच्या हातातच बाटली फुटते. डोळे जायला तेवढं पुरतं. हे सांगून झालं की नव्या माणसाला शेवटचं वाक्य ऐकवायचे, "बाटली चुकली की किल्ली ठेवायची."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी हाताखालच्या माणसाने सोडा काचेच्या बुचात कोंडला, तेव्हा त्याच्या विनवण्यांना भीक न घालता मास्तरांनी त्याची स्टोअरमधून उचलबांगडी करायला लावली होती.

मास्तरांची बायको गेली त्याला सव्वीस दिवस झाले होते. आजार नाही, काही नाही. सकाळी ओट्याशी भांडी पुसत होती, दमल्यासारखी खाली बसली ती उठलीच नाही. मास्तर रडले नाहीत. नातेवाईक एकमेकांकडे बघत राहिले. खरं तर त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. दुःख कुठे तरी असणार असं वाटायचं, पण शोधायला जावं तर काही हाती लागत नव्हतं. जेवणाला चव नव्हती आणि चव नसल्याचं काही वाटतही नव्हतं. आठ दिवसांनी ते कामावर गेले, कारण सकाळी पाय तिकडेच वळले.

"बाबा, नोकरी पुरे आता," मुलगी फोनवर म्हणायची. "माझ्याकडे चला. शेजारच्या काकू सांगतात, तुम्ही ताट वाढून घेता आणि नुसते बघत बसता."

"स्टोअरची किल्ली आहे तोवर मी इथंच."

"आणि किल्ली नसली म्हणजे?"

"मग येईन."

मुलीला ते पटत नव्हतं, पण बापाचा शब्द तिला ठाऊक होता. घरात दाराशी बायकोच्या चपला अजून तशाच होत्या. त्या घरातून निघायचं नाही, एवढी एकच इच्छा मास्तरांच्यात शिल्लक होती.

त्या दिवशी प्रॅक्टिकलच्या आधी मदतनीस बाई दारातून म्हणाल्या, "काका, ही सोड्याची बाटली काही केल्या उघडेना. गरम पाण्यात धरू का?"

"हात काढा, बाई. आधी हात काढा."

बाटलीला काचेचं बूच होतं. गळ्याभोवती पांढरी खपली धरली होती. लेबलावरचं अक्षर मास्तरांचंच होतं. कामावर परतले त्या पहिल्या दिवशी त्यांनी एका बैठकीत अडतीस बाटल्या भरल्या होत्या, त्यातली ही एक. चूक कुणाची आणि पुढे काय करायचं, एवढं फक्त कळलं.

बाई हळूच म्हणाल्या, "मी गुपचूप टाकून देते. दुसरी भरू. कोण विचारतंय?"

आठ वर्षांपूर्वी तो माणूसही अगदी हेच म्हणाला होता. मास्तरांनी बाटली प्लास्टिकच्या टबात उभी केली, दार ओढून घेतलं आणि विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर किल्ली ठेवली.

"सोडा काचेच्या बुचात घातला. मीच."

"अहो काका, एक बाटली."

"त्याचीही एकच होती."

मॅडम किल्ली उचलून त्यांच्याबरोबर स्टोअरमध्ये आल्या. वाकून लेबल वाचलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"काका, ही तारीख कसली?"

"भरल्याची."

"या दिवशी तुम्ही कॉलेजात नव्हता. या दिवशी आम्ही सगळे तुमच्या घरी आलो होतो."

मास्तरांनी फळीवरची दुसरी बाटली काढली, मग तिसरी. अडतीसही लेबलांवर तीच तारीख, त्याच सुबक अक्षरात. मॅडमनी किल्ली मुठीत धरली.

"ही माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. नियम त्यांचाच होता.

बाटल्या पुन्हा तपासून लेबलं तेवढी बदलायची होती. ते स्टुलावर बसले आणि बाईंना विचारलं, "आज तारीख काय?"

बाईंनी सांगितली. ते लिहीत गेले, बाई चिकटवत गेल्या. बाराव्या लेबलाशी पेन थांबलं.

"बाई, आमची ही गेली."

बाईंना ते ठाऊक होतं. त्या दिवशी त्याच घरात त्यांनी आल्यागेल्याला पाणी दिलं होतं. पण माणूस पहिल्यांदाच सांगत होता, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हातातलं काम खाली ठेवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मास्तरांनी दिवा लावला नाही. दाराशीच उभं राहून मुलीला फोन केला.

"किल्ली ठेवली आज. तुझ्याकडे येतो."

"रविवारी गाडी घेऊन येते, बाबा. सामान मी बांधीन, तुम्ही काही करू नका."

"बांध. पण तिच्या चपला..." ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना रडण्यामुळे बोलता आलं नाही.