चौदा पानांत नसलेला हात

दोन कामं एकाच वेळी सुरू असली आणि दोघांनी एकाच वस्तूला हात घातला, तर काय घोटाळा होतो, हा माझ्या आत्याचा विषय. वीस वर्षं ती विद्यापीठाच्या संगणक विभागात हेच शिकवते. आम्हाला घरी सांगायची तेव्हा आजीलाच पुढे करायची. "हे बघ, तुझ्या आईनं डबी उघडली, आजीची झोपेची गोळी दिसली, दिली. तिनं वहीत खूण करायच्या आत तुझ्या बापानं वही बघितली. खूण नाही! त्यानंही दिली. आता आजी दोन दिवस झोपणार, आणि चूक कुणाचीच नाही!" 'कुणाचीच'वर तिचा आवाज चिरकायचा आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. आजी आतून ओरडायची, "मी जागी आहे गं!"

तीनेक वर्षांपूर्वी तिनं नवं काम घेतलं. माणसं दिवसभर कुठून कुठे जातात, याची त्यांच्या फोनवरून सहा महिने नोंद करायची आणि ती सगळ्यांना वापरता येईल अशी नकाशावर मांडायची. तीनशे जण तयार झाले. नावं काढून नुसते क्रमांक. "माणसाचं नाव काढलं तरी त्याची चाल बोलते," असं तीच सगळ्यांना बजावायची. म्हणून तिनं वचन दिलं होतं: ज्याला नको असेल त्यानं अर्ज भरावा, त्याची नोंद पुसली जाईल. पुसणारा प्रोग्रॅम आणि नकाशा बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात कधीच येणार नाहीत, एक आत असला की दुसरा दाराबाहेर थांबेल, याचा तिनं चौदा पानी पुरावा लिहिला. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, "मॅडम, प्रोग्रॅम लिहिलाय की सोवळं?" आत्या खूश.

विभागाच्या फाटकासमोर शिलाईवाल्या ताईंचं दुकान. अर्ध्या विभागाच्या पँटी त्यांनीच आखूड केलेल्या. त्यांना लागूनच इस्त्रीवाले काका. वीस वर्षं दोघांची जुगलबंदी ठरलेली.

"काका, कॉलर जाळलीत तुम्ही!"

"ताई, जळायला कॉलर सरळ तरी लागते."

ताई भावाकडे राहायच्या. त्यांच्या लेकीनं मनासारखं लग्न केलं म्हणून भावानं घरात तिचं नाव काढायलाही बंदी केली होती. ताई दर बुधवारी दुपारी दुकान काकांवर सोपवून टेकडीमागच्या गल्लीत लेकीकडे जायच्या. नात पावलं टाकायला शिकत होती. हे ठाऊक होतं ते फक्त काकांना. आत्याच्या तीनशे जणांत ताई आल्या त्या केवळ आत्यानं विचारलं म्हणून: "तुम्ही म्हणताय ना बाई, मग झालं."

नकाशा बाहेर जायच्या दिवशी आत्या दुकानात कोट घ्यायला गेली. ताईंच्या तोंडात टाचण्या. त्या काढून म्हणाल्या, "बाई, मला त्यातून काढा हो. माझा बुधवार कुणाला दिसायला नको."

"आत्ता काढते."

एरवी आत्यानं अर्ज भरायला लावला असता. पण ताईंना कसला अर्ज! तिनं वर जाऊन स्वतःच यादी उघडली आणि हातानं ती ओळ पुसली. पाठवणारा प्रोग्रॅम तोवर सुरू झाला होता. त्यानं यादी आधीच वाचून घेतली होती. चौदा पानांत दोन प्रोग्रॅम होते. आत्याचा हात नव्हता.

महिन्याभरानं ताईंचे बुधवार बंद झाले. भावानं जेवताना एवढंच सांगितलं होतं, "तिकडे जायचं तर मग तिकडेच राहायचं." त्याला कळलं कसं, ते सांगितलं नाही. ते आत्याला कळलं. वाहतूक कार्यालयातून तिला आभाराचं पत्र आलं, 'आपला नकाशा फार उपयोगी पडतो', आणि खाली सही ताईंच्या भावाची; तो तिथेच नोकरीला. तिनं धावत बाहेर गेलेला नकाशा पडताळला. दिवसभर त्या फाटकासमोर थांबणारा आणि बुधवारी टेकडीमागे जाणारा एक क्रमांक त्यात ठणठणीत बसला होता.

नकाशा तिनं त्याच दिवशी काढून टाकला. लोकांनी उतरवून घेतलेला कोण काढणार? विद्यापीठाच्या नीतिसमितीला कळवलं. समिती म्हणाली, आमचा निर्णय होईस्तोवर त्या शिलाईवाल्या बाईंशी बोलू नका. आणि निर्णयासाठी समितीला हवा होता त्याच बाईंचा जबाब, तोही आत्यानंच आणलेला! ही तिच्या शास्त्रातली पहिल्या वर्षाची गोष्ट: हा त्याच्यासाठी थांबलाय, तो याच्यासाठी. वर्गात यावर हशा पिकतो. आत्या सात महिने थांबली. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात.

त्या सात महिन्यांत ताईंनी आपला गुन्हेगार शोधला.

"तुमच्याशिवाय ठाऊक होतं कुणाला?"

"ताई, तुमच्या पोरीची शपथ घेतो—"

"पोरीचं नाव घेऊ नका त्या तोंडानं!"

काका महिनाभर मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिले. कॉलरवरून कुणी काही बोलेना. मग एका सकाळी त्यांचं टेबल नव्हतं.

तो रिकामा कोपरा बघून आत्या समिती-बिमिती सोडून सरळ दुकानात शिरली. मी मागे, आखूड करायची पँट घेऊन. वर्गात घणघण वाजणारा तिचा आवाज पार बसला होता. "ताई, काकांनी नाही सांगितलं. तुमचा बुधवार माझ्या नकाशातून गेला. तुम्ही काढा म्हणालात, आणि माझ्याकडून निघाला नाही."

ताईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"सात महिने झाले."

"काका होते तेव्हा."

"हो."

"मी त्यांना काय काय बोलले, बाई, ते तुम्ही समोरच्या खिडकीतून ऐकलं असेल."

चुकीबद्दल ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. मशीनमधला दोरा तोडून म्हणाल्या, "तुमच्या त्या नकाशात दिसेल का, काका कुठे गेले ते?"

"नाही. त्यांनी नाव दिलंच नव्हतं. नको म्हणाले होते."

"शहाणा माणूस," ताई म्हणाल्या, आणि माझी पँट ओढून घेऊन मापच न घेता शिवायला लागल्या.

आता रविवारी आत्या पायी एकेक गल्ली पालथी घालते. इस्त्रीचं टेबल दिसलं की थांबून काकांचं वर्णन सांगते. लोक मान हलवतात. सोमवारी ती दुकानासमोरून जाते तेव्हा ताई मशीनवरून डोकं वर न काढता विचारतात, "काल कुठली गल्ली?" आत्या गल्ली सांगते आणि फाटकातून आत जाते.