बयनाबाईंची तांबडी

अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी नवी अंडी घालायचं थांबवते. एकवीस दिवस ती टोपलीतून दिवसाकाठी एकदाच उतरते, चार दाणे टिपते आणि परत जाते. पुढचे दोन महिने पिलांमागे जातात.

छप्पन साली आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी जैनथकडच्या एका मराठी गावात जनावरांच्या दवाखान्याचा नवा तेलुगू कंपाउंडर आला. गावठी कोंबड्या द्या, पांढऱ्या विलायती घ्या, असं तो मोडक्या हिंदीत सांगे. पांढऱ्या खुडूक बसत नाहीत, म्हणून अंडी भरपूर देतात. त्यात खोटं काही नव्हतं. गावानं कोंबड्या दिल्या. विधवा बयनाबाईंनीही चार दिल्या, एक तांबडी तेवढी ठेवली.

“वयनी, सरकार बदललं, तुमची कोंबडी काऊन बदलत नाही?” शेजारचे उद्धवराव म्हणत.

“सरकार अंड्यावर बसते का, भाऊजी?”

दोन वर्षं उद्धवरावांकडे अंड्यांची चंगळ होती. मग पांढऱ्या कोंबड्या थकल्या, काही मुंगसानं नेल्या. कंपाउंडरची बदली झाली. अंडी उबवायला गावात तांबडीखेरीज कोणी उरलं नव्हतं. त्या वर्षी तिनं लोकांची अंडी दोनदा उबवली.

उद्धवराव अकरा अंडी घेऊन आले, तेव्हा ती तिसऱ्यांदा खुडूक होऊन पिसं फुगवून बसली होती. बयनाबाईंनी तिच्या छातीखाली हात घातला. हाड विळ्याच्या धारेसारखं लागलं. आणखी एकवीस दिवस ती काढणार नव्हती.

“ती तं सोताच बसून राह्यली, वयनी.”

“बसंनच. मरंपर्यंत बसंन. म्हणून तिले नाही इचारत मी.”

त्यांनी तांबडीला उचललं आणि हौदाच्या गार पाण्यात पोटापर्यंत बुडवलं. खुडूक मोडायचा हाच उपाय. ती ओरडली, तिनं चोच मारली. तीन दिवस रोज हेच चाललं.

आणलेली अंडी त्यांनी पहिल्याच दिवशी रश्शात घातली आणि उद्धवरावांना भाकरीबरोबर वाढली.

“बियाणं खाऊन राह्यलो मी,” ते कुरकुरले.

“खा मुकाट्यानं.”

ते निघाले तेव्हा बयनाबाईंनी तांबडीच्या पिलांतली एक तलंग, नुकती वयात येणारी कोंबडी, त्यांच्या हातात दिली. “हे बसंन. सालात दोनदा बसवा. तिसऱ्यांदा पाण्यात.”

पुढच्या वर्षी उद्धवरावांच्या अंगणात पिलं झाली, दोनदा. तिसऱ्यांदा कोंबडी खुडूक झाली, तेव्हा ते बाह्या सारून हौदाशी उभे होते. मनगटातून रक्त येत होतं, पण कोंबडी त्यांनी सोडली नव्हती.