बांधाचा चिखल

साडीला खाडीच्या चिखलाचा वास लागला की तो दिवस आठवतो. उधाणाने बांध फुटला, खारं पाणी भातशेतात शिरलं. अशा वेळी घरटी एका पुरुषानं चिखल टाकायला जायचं, ही गावची रीत. वडील वारले होते. पंच आईला म्हणाले, “तुझ्या घराला माफ हाय गो.” आई कासोटा घालून चिखलात उतरली. “नदीचा काठ आपसूक व्हतो. ह्यो मानसांनी बांधला म्हनून बांध. मी काय मानूस नाय?” हातोहात चिखल पुढे देणाऱ्या रांगेतल्यांनी तिच्या हातात चिखलाचा गोळा दिला. यंदा बांध पुन्हा फुटला. लग्न होऊन गेलेल्या लेकीला निरोप कोण धाडणार? मीच पेणहून पहिली एसटी धरली, दिवसभर चिखल टाकला. परतताना सीटवरची बाई नाक मुरडून सरकली. मी आणखी ऐसपैस बसले.