जन्मस्थळाचा रकाना

आमची मुलगी पाच महिन्यांची झाली, पालथी पडायला लागली, हसून घर डोक्यावर घ्यायला लागली, तरी सरकारदरबारी ती अजून जन्मलेलीच नव्हती. जर्मनीतल्या ज्या लहान शहरात आम्ही राहतो, तिथं सगळं कागदावर चालतं. कोणत्या वारी कोणत्या डब्यात कचरा टाकायचा याचं वेळापत्रक घरपोच येतं, पत्रं लावून ठेवायला आमच्याकडे सात फायली आहेत आणि रविवारी भिंतीत खिळा ठोकायचीही सोय नाही. या सगळ्याची सवय होते, पुढे पुढे तर ते आवडायलाही लागतं. पण बाळ झालं आणि नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, की आईवडील दोघांचे जन्मदाखले सरकारी शिक्क्यांसह आल्याशिवाय मुलीचा दाखला निघणार नाही. बायकोचा दाखला होता. तिचे वडील शिक्षक, त्यांनी लेकीचा प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलेला. माझा मात्र कधी काढलाच नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं सगळं शिक्षण झालं, पुढे पासपोर्टही निघाला, त्यामुळे गरजच पडली नाही.

दाखला नाही म्हणून मुलीला पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही म्हणून तिला तिथं राहायचा परवाना नाही आणि कुठं नेता येत नाही. एक तात्पुरतं पत्र मिळालं होतं, त्याचीही मुदत संपत आली होती. सासूबाई रोज फोनवर नातीचं तोंड बघायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, आणणार कधी? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. रात्रंदिवस मांडीवर असणारं आपलं लेकरू कुठल्याच वहीत नाही, ही गोष्ट आतून फार पोखरते. शेवटी बारा दिवसांची रजा काढून मी एकटाच गावी आलो.

गाव म्हणजे परतूर तालुक्यातलं आष्टी. आमचं घर, शेती, वडिलांच्या आधीच्या पिढ्या, सगळं तिथलंच. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. घरी आता आई असते. मला जन्म दिला ती आई मी तीन वर्षांचा असताना तापानं गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. उपचाराला उशीर झाला असं तिच्या माहेरच्यांचं म्हणणं होतं, त्यावरून बोलाचाली झाली आणि येणंजाणं कायमचं तुटलं. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं. जिला मी आई म्हणतो ती ही. सावत्र हा शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नाही आणि त्या पहिल्या आईचं नावही नाही. बोलण्यात कधी आलीच तर ‘ती’ एवढंच.

ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या बघायला मिळाल्या. तिथल्या माणसांनी मनापासून मदत केली, चहा पाजला, पंखा माझ्याकडे वळवला. माझ्या वर्षाची वही पाहिली, आधीचं वर्ष पाहिलं, नंतरचंही पाहिलं. मग तालुक्याला जाऊन तिथल्या प्रती पाहिल्या. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांची नावं सापडली. आमच्या गल्लीतला सुताराचा मुलगा सापडला, शेजारची जुळी सापडली. मी नव्हतो. यंत्रातला बिघाड शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे मी हट्टानं एकेक पान तीन-तीनदा उलटलं. रोज संध्याकाळी बायको विचारायची, “सापडलं का?” आणि मी म्हणायचो, “उद्या.” नवव्या दिवशी मी ‘उद्या’ म्हणायचंही सोडलं. त्या दिवशी मी आईवर उगाच ओरडलो, वडिलांनी साधी नोंद केली नाही म्हणून गेलेल्या माणसाला बोल लावला. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुला आल्यापून म्हणून राह्यले, अंबडच्या देवीला जाऊन ये. लेकीच्या नावानं ओटी भरायची न्हाई आन् कागद मागायचा. कसा मिळंल?”

देवाधर्माशी माझा फारसा संबंध नाही. देवावर राग नाही, पण येताजाता हात जोडावेत इतकी ओळखही नाही. तरी गेलो. श्रद्धा म्हणून नाही, करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. आईनं पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं बांधून दिलं आणि बजावलं, की ओटी बाईच्याच हातानं भरायची, तू भरू नको आणि पुजाऱ्याच्या हातात नुसती पिशवी कोंबून येऊ नको. बस घनसावंगीवरून अंबडला गेली. मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायऱ्या चढून वर आलो तेव्हा लक्षात आलं, की आपली ओटी भरायला बाई कुठून आणायची? नोंदणी कार्यालयात रांगेत उभं राहायची मला सवय आहे, पण अनोळखी बाईला ‘माझ्या मुलीच्या नावानं ओटी तुम्ही भराल का’ असं विचारायला माझी जीभ उचलेना. पिशवी पायाशी ठेवून मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. नवरात्र होऊन गेलेलं, त्यामुळे गर्दीही नव्हती.

एक बाई दर्शन करून गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आल्या. साठीच्या असतील. चष्म्याला दोरी बांधलेली. माझ्याकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, “काय दादा, ओटी घिऊन भायेर कामून उभा राह्यलास? बायको कुठं गेली?”

“ती आली नाही. लांब आहे. तुम्ही भराल का मावशी? आमच्या मुलीच्या नावानं आहे.”

“भरते की. त्याला काय इचारायचं?” असं म्हणून त्या परत फिरल्या. देवीपुढं त्यांनी माझ्या पिशवीतली एकेक वस्तू आपल्या हातानं मांडली. खणाची घडी मोडली होती, ती नीट केली. मग मुलीचं नाव विचारलं, ते मोठ्यानं देवीला सांगितलं आणि आपल्या घरचंच लेकरू असावं तसं तिच्यासाठी मागणं मागितलं. त्या पोरीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कुणी कागद न मागता घेतलं. माझे डोळे भरून आले. लाज वाटली म्हणून मी खांबाकडे तोंड केलं.

बाहेर येऊन पायरीवर टेकताना त्यांनी विचारलं, “लेकरू कुठं झालं?”

“जर्मनीत.”

“पयलंच ना?”

“हो.”

“मंग माहेरी न्हाई का पाठिवली तिला? पयलं बाळंतपण माहेरीच असतंय बाबा. आमच्यात काय, समद्यांतच. मह्या पोरीचं बदनापूरला मह्याच घरी झालं. आता परदेशात काय करता!” असं म्हणून त्या हसल्या. त्यांच्या बसची वेळ झाली होती. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, “जल्दी घिऊन ये पोरीला,” आणि गुडघा धरत पायऱ्या उतरून गेल्या.

मी तिथंच बसून राहिलो. पहिलं बाळंतपण माहेरी. इतकी साधी, पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. आणि माझ्या आईचं पहिलं बाळंतपण म्हणजे मी. आजवर शंभर अर्जांवर मी जन्मस्थळाच्या रकान्यात ‘आष्टी’ लिहिलं होतं. का लिहिलं? कारण आपल्याकडे कुणी ‘गाव कोणतं’ विचारलं की माणूस वडिलांचं गाव सांगतो. आपण कुठं जन्मलो हा प्रश्न कुणी विचारतच नाही. शाळेत गुरुजींनी ‘गाव?’ म्हणून विचारलं असणार, वडिलांनी आष्टी सांगितलं असणार आणि तेच पुढे दाखल्यावर, तिथून पासपोर्टवर, तिथून जर्मनीपर्यंत गेलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. नऊ दिवस मी बापाच्या गावात स्वतःला शोधत होतो आणि मी जन्मलो होतो आईच्या गावात.

ते गाव वडीगोद्रीजवळ आहे, एवढं लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं होतं. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून वडीगोद्रीला उतरलो, हमरस्त्यावरच्या दुकानात विचारलं आणि दुपारी त्या लहानशा गावाच्या ग्रामपंचायतीत पोचलो. ग्रामसेवक तरुण होते. वर्ष सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं, “आईचं नाव?”

“कुसुम,” मी म्हणालो. स्वतःच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. शाळेच्या अर्जावर मी दुसऱ्या आईचं नाव लिहीत आलो. हे नाव मला वडिलांच्या जुन्या लग्नपत्रिकेवरून माहीत होतं, बस्स.

त्यांनी वही काढली, धूळ झटकली आणि पानांवरून बोट फिरवत गेले. फार वेळ लागला नाही. बोट थांबलं. आईचं नाव कुसुम, वडिलांचं नाव, गाव आष्टी, जन्म इथला. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात माझं नाव. त्या पानावरच्या बाकी बहुतेक रकान्यांत नावाची जागा कोरी होती, कारण जन्माची वर्दी बारशाच्या आधीच दिली जायची आणि नंतर नाव सांगायला कुणी परत यायचं नाही. माझं मात्र वेगळ्या शाईनं, मागाहून भरलेलं होतं. नाव नसतं तर आणखी किती फेऱ्या झाल्या असत्या, हे ग्रामसेवकांनी मला समजावून सांगितलं, पण माझं लक्ष त्यात नव्हतं.

वर्दी देणाऱ्याचं नाव वाचून त्यांनी कुणाला तरी फोन लावला होता. थोड्या वेळानं पांढऱ्या टोपीतला एक माणूस दारात आला. मोसंबीच्या बागेतून तसाच आलेला, पायाला चिखल. माझ्याकडे बघत राहिला. मीही उभा राहिलो. काय म्हणून हाक मारावी हेही मला कळत नव्हतं. जवळ येऊन त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, “कुसुमचा का तू?” मी मान हलवली. “तुहं नाव घालायला मीच आल्तो इथं. बारसं झालं आन् दुसऱ्या दिशी तायनं मला पाठिवलं. म्हणे, मह्या लेकराचं नाव कागदावर बराबर घालून ये, कोरं ठिवू नको. मी म्हणलं, काय घाई हाय? तर ऐकंना. ती लई हट्टी होती.”

माझा मामा. मग आम्ही दोघंही रडलो, ग्रामसेवक खिडकीकडे बघत बसले.

दाखला हातात आला म्हणून सगळं मिटलं नाही. पासपोर्टवरचं जन्मस्थळ आणि दाखल्यावरचं जन्मस्थळ वेगळं पडलं, आईचं नावही वेगळं पडलं, त्यासाठी प्रतिज्ञापत्रं झाली, दुरुस्तीचे अर्ज झाले. माझी रजा संपली होती. जिल्ह्याचे आणि त्यापुढचे शिक्के मामानं स्वतः फिरून मारून आणले. मी तिकडून सूचना पाठवायचो, याद्या पाठवायचो. एकदा तो म्हणाला, “तू आता गप बस. मी करून राह्यलो ना?” आणि मी खरंच गप्प बसलो. आयुष्यात मला हे कधी जमलं नव्हतं. तात्पुरत्या पत्राची मुदत एकदा वाढवून घ्यावी लागली, पण चार महिन्यांनी आमच्या मुलीचा दाखला निघाला. नोंदणी कार्यालयातल्या त्याच बाईंनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि पहिल्यांदाच हसल्या.

ती देवळातली बाई कोण होती, असं आई अजून विचारते. साडी कोणत्या रंगाची होती म्हणते. मला रंग आठवत नाही. बदनापूरकडची एक बाई होती, गुडघा दुखत होता, बसची घाई होती. मला एवढंच कळतं, की नऊ दिवस मी सगळं माझ्याच हातांनी करायला निघालो होतो आणि जी एक गोष्ट माझ्या हातानं करायची नव्हती, ती दुसऱ्याच्या ओंजळीत दिली तेव्हा वाट दिसली. याला कुणी योगायोग म्हणालं तर मी वाद घालत नाही. पण आता कामाला निघताना घटकाभर थांबून हात जोडतो आणि काही मागत नाही. माझ्यासाठी कोण कधी काय लिहून गेलंय, हे मला कुठं ठाऊक असतं?

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. कुणाला न सांगता ती एकटीच बस पकडून मामाच्या गावाला जाऊन आली होती. मामीनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही, कुसुमचा एक फोटो त्यांच्या घरात आहे, तो तिनं बराच वेळ हातात धरून बघितला. नाव तिनंच घेतलं, ‘ती’ म्हणाली नाही. मी विचारलं, “काय म्हणालीस तिला?”

“काय म्हणणार? म्हणलं, तुहं लेकरू संभाळलं बाई, बराबर संभाळलं का ते तूच सांग.” आम्ही दिवाळीला तिकिटं काढली आहेत, मुलीचं तिकीटही तिच्या स्वतःच्या नावानं निघालं आहे, हे मी सांगितलं. नाक ओढून आई म्हणाली, “इमानातून उतरलास का आधी घरी यिऊ नको. पोरीला घिऊन सरळ तुह्या आजोळी जा. मी तिथंच थांबते.”