बारा नंबरच्या टाकीतले शिंपले

प्रयोगशाळेत त्यांना सगळे खारेकाका म्हणत. एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याच्या टाक्या धुऊन अंगाला जो वास चिकटला होता, तो कुठल्याच साबणाला दाद देत नसे. बायको नाक मुरडायची, "आधी आंघोळ, मग चहा!" ती गेल्यावर नाक मुरडायलाही घरात कुणी उरलं नाही.

टाक्यांत शिंपले होते. तिथल्या शास्त्रज्ञ बाई त्यांना रोगजंतू टोचत आणि मग अंगातला द्रव सुईनं काढून तपासत. "जंतू शिरले ना काका, की यांच्या अंगात काही रेणू सुटतात," बाईंनी एकदा समजावलं होतं. "ते इतर पेशींना हाक मारतात, धावून या म्हणून."

"बरंय की. हाकेला कुणी येतं तरी," काका म्हणाले होते.

त्या वर्षी बारा नंबरच्या टाकीनं घोळ घातला. तिथल्या शिंपल्यांना जंतू टोचलेच नव्हते, तरी ते रेणू भरमसाट. बाई वैतागल्या. "काका, दुसऱ्या टाकीचं पाणी मिसळलं असणार. तुमच्याच हातून."

काकांना ते फार लागलं. त्यांच्या पाण्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते दुपारचा डबा घेऊन रोज त्या टाकीपाशी बसू लागले. नाहीतरी पंगतीला कोण होतं?

तिसऱ्या दिवशी टाकीच्या मांडणीला टेकलेल्या पाठीला बारीक थरथर जाणवली. नवा पंप त्याच भिंतीला ठोकलेला. तो सुरू झाला की शिंपले फटकन मिटत, ते बराच वेळ उघडत नसत.

"बाई, आजारी नाहीत ते. धास्तावलेत."

बाईंनी मांडणीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पंप हलवला. महिन्याभरात बाराव्या टाकीचे आकडे खाली आले.

"चुकलंच माझं, काका," बाई म्हणाल्या. बाईंचा शोधनिबंध छापून आला तेव्हा आभारांत काकांचं पूर्ण नाव होतं. ते वाचताना काका अडखळलेच, कुणा परक्याचं वाचावं तसे.

त्यांनी परगावी असलेल्या मुलाला फोन लावून नाव छापून आल्याचं सांगितलं.

"अरे वा, बाबा! मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो हं."

"कर, कर. सावकाश कर."

फोन खिशात टाकून काकांनी बाह्या सरसावल्या. सात टाक्या धुवायच्या राहिल्या होत्या.