दोन बोटं वानेऱ्याकडं

बोअरच्या पाईपावर सांजेचं तांबूस ऊन पडलं होतं, भिजलेल्या काळ्या मातीचा वास सुटला होता, आणि मी नि काशी काठीला पाण्याचा डबा अडकवून गोठ्याकडे निघालो होतो... पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं तिच्या. दोन वर्षांपासून माझा गुडघा धड नाही, म्हणून हा उद्योग. डबा रोज तीच अडकवायची आणि मागून म्हणायची, "हं, चला. सांडू नगा." त्या दिवशीही तेवढंच बोलली. गाय पाणी प्याली, आम्ही भाकरी खाल्ली, आणि पहाटे काशी उठलीच नाही. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. खोटं कशाला सांगू, मला रडूही आलं नाही.

लोक भोवती बसलेले होते, आणि मी मात्र डोळे मिटून बापाच्या शेतात गेलो होतो... देवणीपासून दोन कोसावरच्या त्या काळ्या रानात, जिथं चैत्रात धसकटांचा कोरडा वास यायचा, बांधावरचा पळस पेटलेला असायचा आणि ऊन असं हलायचं की लांबचे बैल पाण्यावर चालल्यासारखे दिसायचे. मी चौथीतच शाळा सोडली होती. माझी शाळा म्हणजे ते दोन बैल. वानेरा अंगानं पांढराशुभ्र, तोंडाला काळा, खांदा दगडासारखा. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ढग उतरलेले. शेवरा आमच्याच गोठ्यात जन्मला. त्याची खरखरीत जीभ माझ्या तळहातावरचं मीठ चाटायची, आणि त्याच्या मानेखालच्या पोळीला दूध, शेण नि गवत यांचा मिळून एक वास होता... आज सत्तरी उलटली तरी तो वास मला डोळे मिटून ओळखता येईल.

त्याआधीच्या पावसाळ्यात शेवऱ्याला लाळ-खुरकत झाली होती. तो उठला, पण खांद्यातला जोर गेला. वखराला जुंपलं की वानेरा हातभर पुढं, शेवरा मागं, आणि वखर सापासारखा वाकडा. बापानं दोन दिवस पाहिलं अन् म्हणाला, "येत्या बाजारात शेवऱ्याला इकून टाकतो. हे काय बैल हाय?"

मला वाटलं, हा नीट ओढू लागला तर राहील. म्हणून मी त्याला चाबकानं मारलं. ज्या हातानं मीठ चाटवायचो त्याच हातानं मारलं. तो डोळे झाकायचा, पाय रोवायचा, पुन्हा मागं पडायचा.

बांधावर माझ्या मामाची पोर बसली होती. उमरीकडून सुट्टीला आलेली, माझ्याहून वर्षानं लहान, तोंडात सुकी बोरं. तीच काशी.

"त्याला कशाला मारून राहिलास रे येड्या?" ती ओरडली. "नाडा सरकव की!"

"तुला काय कळतं गं बैलातलं?"

"तुझ्यापरीस लई कळतं. माझा बाप असंच करतो."

बाप हसत हसत आला. जुवाच्या मधल्या खाचेत वखर ओढायचा दोर, म्हणजे नाडा, बांधलेला असतो. ती खाच बापानं सोडली आणि दोन बोटं वानेऱ्याच्या बाजूला विळ्यानं नवी पाडली. नाडा ज्याच्या जवळ, ओझं त्याच्यावर जास्त. बैल पुन्हा चालले... आणि काय सांगू, दोघांच्या माना एका रेषेत आल्या, घुंगरं एका तालात वाजू लागली, माती दोन्हीकडं सारखी उलटत गेली. बापानं बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी मात्र काशीला विचारलं, "वानेऱ्याला कळलं तर गं?"

तिनं बोराची बी थुंकली. "कळतंय की त्याला. त्यो बोलत न्हाई."

पुढं तिच्याशीच माझं लग्न झालं. बैल गेले, रान अर्धं गेलं, पोरगी हदगावला दिली. उरली एक गाय, ही काठी अन् आम्ही दोघं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, पण गाय हंबरत होती. तिला काय कळतं सुतक! मी काठी उचलली. पोरगी धावत आली, "बाबा, मी धरते एक बाजू."

डबा अडकवायला मी पहिल्यांदाच वाकलो. काठीच्या मधोमध मी पाडलेली खाच होती. तिच्यात धूळ बसली होती, कोळ्यानं जाळं धरलं होतं. आणि तिथून वीतभर मागं, काशीच्या टोकाकडं, दुसरी खाच... विळ्याची, डब्याच्या दोरीनं घासून काळी, गुळगुळीत झालेली. दोन वर्षं मी पुढं चालत होतो. मागं वळून काही पाहिलं नाही.

"बाबा, काय झालं?"

"काही न्हाई. तू पुढं हो."

डबा मी त्याच काळ्या खाचेत अडकवला आणि काशीचं टोक खांद्यावर घेतलं. लई जड होतं. गुडघा कळवळला. पोरगी पुढून म्हणाली, "हलकाच हाय की हो बाबा."

"हं, चल," मी म्हटलं. "सांडू नको."