हजारातला एक बदल

अंबडच्या कारखान्यातली पॅकिंगची लाइन सकाळपासून बंद पडली होती आणि देवरे साहेब संध्या पगारेच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे होते. महिन्याभरात लाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारभर बदल झाले होते. त्यातल्याच एकाने घात केला होता. टीममधले बाकीचे चौघे एकेक ओळ चाळत बसले होते.

सगळे ज्या टूलमध्ये नुसते बदल साठवून ठेवायचे, त्याचं मॅन्युअल संध्या रोज डबा खाताखाता वाचायची. "परीक्षा आहे का गं?" म्हणून हेच चौघे खिदळायचे. आज तिने त्याच टूलला मधोमधच्या बदलापर्यंतचं सॉफ्टवेअर काढून द्यायला लावलं आणि चाचणीच्या मशीनवर चालवून पाहिलं. चाललं. म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. मग त्याचंही अर्धं.

"असं अंदाजपंचे किती वेळ चालणार?" साहेब कडाडले.

"अंदाज नाही, सर. दहाच खेपा."

सातव्या खेपेला तारखा ओळखीच्या वाटू लागल्या, तरी तिने आठवी खेप लावली. दहाव्या खेपेला एकच बदल उरला, खाली तो करणाऱ्याचं नाव.

"कोणाचे हे प्रताप?" साहेब वाकले.

नाव झाकायला एक बोट पुरलं असतं. संध्या पडद्यासमोरून बाजूला सरकली.

"माझे, सर."